दगा शॉकपनं दिला नव्हता

हमीद, तुझ्या जनाज्याच्या वेळी मी तुला माफ केलं. सगळ्यांच्या देखत, चांगल्या मोठ्या आवाजात.

रशीदनं, तुझ्या धाकट्या भावानं, मशिदीसमोर उभं राहून रीतीप्रमाणे विचारलं होतं, "मेरे भाई से किसी का दिल दुखा हो तो अल्लाह के वास्ते माफ कर दो." मग बाजूला उभ्या असलेल्या आम्हा हिंदू मंडळींकडे वळून पुन्हा म्हणाला, "भाऊनं कोनाचं मन दुखवलं असन तं आज माफ करून टाका." वडनेरचे, नांदुऱ्याचे, पार मलकापूरहून आलेले लोक एका सुरात म्हणाले, "माफ केलं." त्यांच्यात मीही म्हणालो. शब्द तोंडातून गेल्यावर लक्षात आलं, बाप्पा, कोण कोणाला माफ करून राह्यलं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. खांदा द्यायला पुढे झालो तर रशीदनं मला आधी जागा करून दिली, कारण मी तुझा जिगरी. 

त्याला आता दोन महिने होत आले. तुला काही सांगायचं राहिलं आहे, आणि ते मी आयुष्यभर तोंडानं सांगू शकलो नाही, म्हणून लिहून राह्यलो. लिहिताना माझा हात पुस्तकी होतो, तेवढं चालवून घे. बोलण्यात मी तुला 'बे' लावल्याशिवाय कधी हाक मारली नाही आणि तूही मला 'मास्तर' सोडून दुसरं काही म्हटलं नाहीस. मी मास्तर कधीच नव्हतो. नांदुऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. परीक्षानळ्या धुणारा, ॲसिड मोजून देणारा. शंभर वेळा सांगितलं तुला. तू म्हणायचास, "पोट्टे तुले भेतात ना? मंग तू मास्तर."

भ्यायचेच. मोजनळीत तेल-पाणी पाहताना डोळा सरळ रेषेत ठेवला नाही की मी पोरांना फाडून खायचो. अर्ध्या मिलीचा फरक पडला तरी पुन्हा करायला लावायचो. मोजमाप म्हणजे माझा देव. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते मलाच खाणार आहे.

आपली ओळख त्या भंगारातल्या गाडीवरून झाली. खामगावच्या भंगारवाल्याकडून मी एक टू-स्ट्रोक आणली होती, आपल्या दोघांच्या लग्नापेक्षा जुनी. मला माळावर गाडी उडवायचं खूळ लागलं होतं. गाडी उडायची चांगली, पण उतरायची अशी की दात वाजायचे. कोणीतरी म्हणालं, वडनेर भोलजीला हायवेवर हमीद आहे, शॉकपचा त्याच्यासारखा माणूस नाही. गाडीचे पुढचे दोन पाय, ज्यांत स्प्रिंग आणि तेल असतं, त्याला आपल्याकडे सगळे शॉकपच म्हणतात. तुझ्या गॅरेजला पाटी नव्हती, मागं लागूनच घर होतं. तू गाडीचं हँडल धरून दोनदा पुढं दाबलंस, कान लावलास आणि म्हणालास, "हे गाडी मेली नाही. हिचे पाय मेले हायेत."

त्या एका वाक्यावर मी तुझा झालो.

मग वर्षभर आपण त्या पायांच्या मागे लागलो. तू एका जड गाडीचे शॉकप आणलेस, लेथवर पाईप चार बोटं वाढवून घेतलास, स्प्रिंगच्या वर पोलादी पाईपचा तुकडा बसवून तिला आधीच थोडी दाबून ठेवलीस. सगळं जमलं. जमलं नाही ते आपलं दोघांचं. मला शॉकप कडक हवा, तुला नरम. मी म्हणायचो, उडी मारून खाली आल्यावर गाडी बसली नाही पाहिजे. तू म्हणायचास, "मास्तर, चाक जमिनीले सोडून राह्यलं तं गाडी तुही नाही, हवेची हाय." रोज तीच भांडणं. नसीमभाभी आतून चहा पाठवायच्या तेव्हा कपाबरोबर निरोप यायचा, "चहा पेऊन घ्या, मंग भांडा."

आणि तुझं ते झाकण! फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं पांढरं झाकण येतं, त्यानं तू शॉकपचं तेल मोजायचास. सोड्यानं धुऊन ठेवलेलं एकच झाकण, खिशात. एकीकडे नऊ, दुसरीकडे नऊ. मी हसायचो तुला. एकदा कॉलेजातून रद्दीत निघालेली काचेची मोजनळी आणून दिली मोठ्या थाटात. ती पहिल्याच दिवशी फुटली. तू काचा गोळा करत म्हणालास, "पाह्य, तुहं शास्त्र झाडून टाकलं."

बीटी कापूस नवीन नवीन आला होता ते दिवस. म्हणायचे, आता फवारणी नाही, आता पैसाच पैसा. पहिल्या एक-दोन वर्षांत गावागावांत नव्या गाड्या आल्या, आणि त्या गाड्यांबरोबर माळावरच्या शर्यतीही आल्या. मोताळ्याच्या पुढच्या माळावर दिवाळीनंतर झाली ती आपली शर्यत. मलकापूर, खामगाव, चिखलीपर्यंतची पोरं आली होती, आणि त्यांतल्या निम्म्या गाड्यांचे शॉकप तू बांधलेले होते. तू नवा शर्ट घातला होतास. मला आठवतं, कारण मी चिडवलं होतं, "आज तुहा निकाह हाय काय बे?" तू म्हणालास, "माया नाही, माया शॉकपचा हाय."

सकाळच्या फेरीत धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून उडी मारली तेव्हा शॉकप तळाला ठक्क करून टेकला. मी वरातीतल्या जावयासारखा रुसून बसलो. म्हटलं, तेल जाड टाक, नाहीतर मी उतरत नाही. तू समजावलंस, की एकदा टेकला तर बिघडत नाही, बाकी सगळीकडे चाक कसं चिकटून चाललंय ते पाह्य. मी ऐकलं नाही. शेवटी तू दोन्ही पाय रिकामे केलेस, धुतलेस, आणि जाड तेलाचा डबा माझ्या हातात दिलास. जोहरची, दुपारच्या नमाजची वेळ झाली होती. गावातली मशीद दहा मिनिटांवर. झाकण माझ्या हातावर ठेवून म्हणालास, "नऊ टाकजो. दोन्हीकडं सारखे. नट घट्ट कर. मी नमाज पढून येतो."

पुढचं तुला माहीत नाही. ते मी चौदा वर्षं कोणालाच सांगितलं नाही.

झाकण मी गाडीच्या टाकीवर ठेवलं आणि ते घरंगळलं. शोधलं, दिसेना. तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला की शर्यत अर्धा तास आधीच सुटणार. शेजारी पऱ्हाटीचं, कापसाचं वावर होतं आणि धुऱ्यावर औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचा खच पडला होता. फवारणी लागणार नाही म्हणत होते ना, ती ही. मी एक झाकण उचललं. पांढरंच होतं, तसंच दिसत होतं. शर्टाला पुसलं. झाकण ते झाकण, म्हटलं. नऊ एकीकडे, नऊ दुसरीकडे. नट घट्ट केले. आणि वर तुझ्यावरच चरफडलो, की ऐन वेळी हा माणूस नमाजला जातो.

दुसऱ्या फेरीत त्याच धुऱ्यावरून मी उडालो. खाली आलो तेव्हा शॉकप दबलाच नाही. दगडावर आदळावं तसं हँडल हातांना बसलं, उजव्या पायाचं तेल अडवणारं सील फुटलं, तेलाची पिचकारी माझ्या मांडीवर आणि मी गाडीच्या पुढे. खांद्याजवळचं हाड मोडलं. लोक धावले. धुरळा खाली बसायच्या आतच कोणीतरी बोललं, "हमीदच्या शॉकपनं दगा देल्ला." दहा मिनिटांत तेच वाक्य साऱ्या माळावर.

मला बाभळीखाली बसवलं होतं, आपल्या हत्यारांच्या थैलीपाशी. थैली सरकवली तर तिच्याखाली तुझं झाकण. मी टाकलेलं झाकणही तिथंच पडलेलं. दोन्ही शेजारी शेजारी. तुझ्या झाकणाच्या आतली रेघ वीस मिलीची, माझ्या झाकणाची पंचवीसची. नऊ गुणिले पाच. एकेका पायात पंचेचाळीस मिली जास्त. वर हवेला जागाच उरली नव्हती, दबणार काय? तेल कुठं दबतं? हे मी पोरांना शिकवायचो, हमीद! पिचकारी देऊन, पाणी भरून, बोटानं तोंड बंद करायला लावून शिकवायचो.

ते मोठं झाकण मी डाव्या हातानं उचललं आणि पऱ्हाटीत फेकून दिलं.

तेव्हा तू धावत आलास. नव्या शर्टानं माझ्या तोंडावरची माती पुसलीस. पहिल्यांदा विचारलंस, "लय दुखते काय बे?" मग गाडीकडे पाहिलंस, फुटलेल्या सीलकडे पाहिलंस, आणि हळूच विचारलंस, "मास्तर, नऊच टाकले ना?"

मी म्हणालो, "नऊच."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच इतकी वर्षं टिकलं. आजूबाजूला मलकापूरची सगळी पोरं उभी होती, मला 'सर' म्हणणारे दोन माजी विद्यार्थीही त्यात होते. मोजमापाचा माणूस मी, अर्ध्या मिलीसाठी पोरांना रडवणारा, आणि चुकलो कशात, तर मापात. तोंड उघडलंच नाही. वाटलं, आज हाड दुखतंय, उद्या सांगू. उद्या तू दवाखान्यात डबा घेऊन आलास, तेव्हाही नाही सांगितलं. मग उद्या-उद्या करता ते इतकं जुनं झालं की सांगायला वेगळंच धाडस लागलं असतं. तेवढं माझ्यात नव्हतं. भेकड होतो मी. सरळ शब्द हाच आहे.

मलकापूरची पोरं तुझ्याकडे कामाला टाकलेले आपापले शॉकप परत घेऊन गेली. तू एकाशीही वाद घातला नाहीस. आणि त्यानंतर तू कधी शर्यतीला गेला नाहीस. मी नंतर दोनदा ओढलं तुला. तू म्हणालास, "मले समजत नाही तोवर मी कोनाच्या जिवाशी खेळत नाही बे." माझा खांदा तीन महिन्यांत सांधला. तुझं माळावर जाणं मात्र कायमचं गेलं. ज्या माणसाला उडणाऱ्या गाडीचं पुढचं चाक जमिनीवर उतरताना पाहून टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या, त्याचं ते सुख मी खाल्लं.

पण हमीद, नुसतं रडगाणं लिहिलं तर तूच ओरडशील. तू त्या वर्षांत काय केलंस ते मी पाहिलंय ना.

कापसाचे दिवस फिरले. बीटीचं पहिलं कौतुक संपलं, लोकांनी नव्या गाड्या घ्यायचं सोडलं आणि जुन्याच ओढू लागले. तुझ्या दारात रांग लागायला लागली. तुला त्याची लाज वाटायची. "लोकाइचं वाईट झालं का माये दिवस बरे येतात, हे कोन्तं काम होय बे?" असं तू एकदा पाना टाकून म्हणाला होतास. त्या गाड्या पांदणीतल्या, शेताकडच्या कच्च्या वाटेवरच्या. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकाची खोल चाकोरी पडायची, उन्हाळ्यात ती वाळून दगड व्हायची, आणि त्यातून माणूस, बायको, फवारणीचा पंप आणि खताचं पोतं असं सगळं एका गाडीवर जायचं. तू म्हणालास, हा माळच आहे, फक्त इथं टाळ्या वाजवायला कोणी नाही. आणि माझ्या उडणाऱ्या गाडीसाठी आपण जे जे केलं होतं, पाईपचा तुकडा, स्प्रिंग आधीच दाबणं, ते तू शेतकऱ्यांच्या गाड्यांना बसवायला लागलास.

झाकण मात्र तू सोडून दिलंस. त्याऐवजी आली पऱ्हाटीची काडी. स्प्रिंग काढायची, पाईप पूर्ण खाली दाबायचा, वरून काडी आत सोडायची आणि तेल वरून किती खोल आहे ते पाहायचं. काडीवर ब्लेडनं मारलेली खूण. मी म्हटलं, हे काय नवीन? तू म्हणालास, "तेल किती टाकलं ते इचारतच नाही मी आता. टाकनारा चुकू शकते. वर जागा किती राह्यली ते पाह्यतो."  मी मान हलवली आणि शास्त्रीय भाषेत तुझं कौतुक केलं. हो, वर हवा उरली पाहिजे, हवा दबते, तेल दबत नाही, वा हमीद, वा!

त्या काडीनं तुझं नाव झालं. लोणवाडीचा एक म्हातारा पेढे घेऊन आला होता, आठवते? दिवस भरलेली सून गाडीवर बसवून पांदणीतून नांदुऱ्याला नेली होती. म्हणाला, "मिस्तरी, तिच्या पोटातलं पानी हाललं नाही." आपण दोघं इतके हसलो की तुला ठसका लागला. म्हातारा आपला गंभीर, त्याला कळेना हसायला काय झालं.

शेवटचा तुला भेटलो तेव्हा तू आजारानं पलंगावर होतास आणि खरं सांगतो, मी सांगायलाच आलो होतो. घरून ठरवून निघालो होतो. भाभींनी खुर्ची दिली. मी घसा साफ केला. आणि तूच बोललास, "मास्तर, थे मोताळ्याची गोष्ट मले अजून समजली नाही बे. दोन्ही पाईप सरळ होते. स्प्रिंग बराबर होती. सील नवं होतं. माया हातून काय राह्यलं असन?" दार असं सताड उघडून दिलं होतंस तू. मला फक्त आत यायचं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे ना बे, जुनी गोष्ट." तू मान वळवून भिंतीकडे पाहत राहिलास. चार दिवसांनी रशीदचा फोन आला.

म्हणून तुझ्या चाळीसाव्या दिवसाच्या जेवणानंतर मी उठलो नाही. लोक गेले. रशीद चटया गुंडाळत होता. भाभी नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीत, त्यामुळे आतल्या दाराला पडदा, त्या पडद्याआड. मी रशीदला म्हटलं, भाभींशी दोन शब्द बोलायचे आहेत, तूही बस. तो पडद्याजवळ बसला. मी दुकानातल्या त्या तेलकट बाकावर. समोर नुसता निळा पडदा, चेहरा नाही, आणि तेच बरं होतं.

सगळं सांगितलं. झाकण, धुरा, पंचवीसची रेघ, पऱ्हाटीत फेकलेलं झाकण, 'नऊच'. रशीदच्या हातातली चटई उलगडून पडली, त्यानं ती उचलली नाही.

 पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "त्या शर्यतीमागं दोन महिने, मास्तर. दोन महिने ते जेवाले बसले तरी थो पाईप मांडीवर राहे. मी म्हनो, घास तं नीट घ्या. ते म्हनत, मास्तरचा जीव गेला असता ना माया हातानं."



"तुमाले कवा समजलं?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी, भाभी. ते नमाजहून यायच्या आधी."

 बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. मला वाटलं त्या शिव्या देतील, आणि खरं तर मला शिव्याच हव्या होत्या. मी म्हटलं, "भाभी, माफ करा."

"थे मी कशी करू?" त्या म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता, पण मऊही नव्हता. "थे त्याइचं होतं, ते घेऊन गेले. माया हातात नाही." मग रशीदला काहीतरी हलक्या आवाजात म्हणाल्या. रशीदनं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"भाभी म्हनतात," तो म्हणाला, "का तुमाले शॉकप खोलता येते."

"येतो. त्यानंच शिकवला."

आता त्या सरळ मलाच बोलल्या. "रशीदले इंजिनचं येते, शॉकपचं नाही येत. आठ गाड्या पडून हायेत. लोक येऊन वापस जाऊन राह्यले. इतवारी सुट्टी असते ना तुमाले? येत जा. आन् जो कोनी शॉकप घेऊन येईन, त्याले पहिले हे सांगाचं, जे आता मले सांगतलं. समदं. मंग नट खोलाचा." थोडं थांबून म्हणाल्या, "मी हितं आतच हावो. मले आयकू येते."

अशी शिक्षा तुझ्याच घरात मिळू शकते, हमीद. तू असतास तर म्हणाला असतास, "जाऊ दे ना, मास्तरची काय इज्जत काढता." बरं झालं तू नव्हतास, असं लिहिणार होतो. नाही. तू असायला हवा होतास.

पहिल्या रविवारी मी सकाळीच बाकावर येऊन बसलो. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे जांभुळधाब्याचा एक शेतकरी. त्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "सर, सांगून टाकलं ते बरं केलं. आता शॉकप पाहा, मले दवंडी द्याची नाही." दुसरा आला तो मलकापूरचा, त्या दिवशी माळावर असलेला, आता केस पांढरे झालेले. तो मात्र ऐकता ऐकता खाली बसला. म्हणाला, "मी लय बोललो होतो त्याले. दुकानावर येऊन बोललो होतो. थो हासला अन् पाईप वापस देल्ले." मग डोळे पुसून त्यानं विचारलं, की त्याचा शॉकप मी तुझ्यासारखाच नरम ठेवीन काय. मी ठेवला. मी हरलो त्या भांडणात, आणि काय सांगू, तीन रविवार नरम शॉकपच्या गाड्या चालवून पाहिल्या, तूच बरोबर होतास. चाक जमीन सोडत नाही. पांदणीतून माणूस हात बधिर न होता येतो. हे मी तुला तू जिवंत असताना कबूल केलं असतं तर तू वर्षभर मला जगू दिलं नसतं, म्हणून केलं नसेल कदाचित.

आठांतल्या पाच गाड्या गेल्या. नव्या चार आल्या. रशीद आता माझ्या बाजूला बसून काडीची खूण शिकून राह्यला. चुकला की मी फाडून खातो. ती सवय जात नाही.

आणि कालच्या रविवारी मोताळ्याचा एक गडी आला. सव्वीस-सत्तावीसचा असेल. ह्या वर्षी बोंडअळीनं कापूस गेला, तरी गडी हसत होता. त्याच्याकडे आजोबांच्या वेळची एक टू-स्ट्रोक, तिला डर्ट गाडी करायची म्हणे, गावची चार पोरं मिळून पुन्हा माळावर शर्यत सुरू करणार आहेत. "हमीदभाईचंच काम पायजे," म्हणाला, "बाकी कोनाचा भरोसा नाही." मी पाना हातात घेतला आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली, की बाबू, आधी एक सांगायचं आहे, ती मोताळ्याची शर्यत झाली होती, त्यात हमीदच्या शॉकपनं दगा दिला असं लोक म्हणाले...

तो म्हणाला, "कोन्ती शर्यत, काका?"

हमीद, त्याला माहीतच नव्हतं. मोताळ्याचाच पोरगा, आणि त्याला माहीत नाही! जे तू पलंगावर पडून भिंतीला विचारत होतास, ज्याच्यामुळे मी चौदा वर्षं तुझ्या डोळ्यांत नीट पाहिलं नाही, ते गाव कधीच विसरून गेलं होतं. फक्त तू आणि मी सांभाळून बसलो होतो. मनात आलं, आता कशाला उकरायचं? त्याचा तर तुझ्यावर पूर्ण भरोसा. चूप बसलो तरी तुझं नाव साफच आहे. तोंडाशी तेच जुनं 'जाऊ दे ना' आलं.

मग वाटलं, ज्याला माहीत नाही त्यालाच तर सांगायला हवं. उद्या हा माळावर उतरणार आहे. कोणीतरी म्हातारा त्याला कधीतरी अर्धवट सांगेल, तेव्हा त्याच्याकडे पूर्ण गोष्ट असली पाहिजे. मी पाना खाली ठेवला, त्याच्यासाठी बाक पुसला. म्हटलं, "बस. हमीद म्हणून एक माणूस होता, त्याच्यापासून सांगतो." आणि सांगत सुटलो. भंगारातली गाडी, तिचे मेलेले पाय, तुझा नवा शर्ट, सगळं. तो गाल हातावर टेकवून ऐकत होता. तेलाचा डबा हातात घेतला इथवर मी आलो, तोच पडद्याआडून भाभींचा आवाज आला.

"मास्तर, घाई काऊन करता? तवा ते तिथं नव्हते, हे पहिले सांगा."

मी थांबलो, आणि तिथून पुन्हा सांगितलं.